झटक्यानंतरची धाप

हृदयविकाराचा झटका येऊन गेला, छातीतली कळ थांबली, ईसीजी सुधारला, की घरात पहिलं वाक्य उमटतं, ‘सुटलो बाबा.’ मुंबईतल्या मुलाला तसा फोन जातो. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण काही थोड्या रुग्णांचा घात त्यानंतरच्या आठवड्यात होतो. तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी, चांगलं जेवण-खाण चालू असताना, अचानक धाप लागते. माणूस उठून बसतो, घाम फुटतो, हातपाय गार पडतात आणि काही तासांत सगळं हाताबाहेर जातं. यातल्या अनेकांना दुसरा झटका आलेला नसतो. पहिल्या झटक्यात मेलेला हृदयाचा एखादा भाग आता फाटलेला असतो. मायट्रल झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटणं हा त्यातला एक प्रकार, आणि वेळेवर कळला तर माणूस वाचवता येईल असाही. रुग्ण हातचा जातो तो बहुधा कुणाला वेळेवर संशय न आल्यामुळे. हा सगळा आढावा त्या संशयासाठी आहे.

हे सगळं मी दाभोळच्या नजरेने सांगणार आहे. दाभोळ वाशिष्ठीच्या मुखाशी, दापोली तालुक्याच्या दक्षिण टोकाला. बाहेरच्या माणसाला हे नाव वीजप्रकल्पामुळे ठाऊक आहे, पण तो प्रकल्प खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात. अलीकडे आहे ते जुनं बंदर, मच्छीमारांची वस्ती, चंडिकादेवीचं देऊळ, शतकांपूर्वीची मशीद, आणि कमावती पिढी मुंबईला किंवा आखातात गेल्यामुळे म्हाताऱ्या माणसांनी सांभाळलेली घरं. इथून दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय सुमारे ३० किलोमीटर, तेही वळणावळणाच्या रस्त्याने. २००३ पासून धोपाव्याची फेरीबोट आहे. तिने खाडी काही मिनिटांत ओलांडता येते आणि गुहागरमार्गे चिपळूण, तिथून पुढे सावर्ड्याजवळच्या डेरवणचं वालावलकर रुग्णालय गाठता येतं. पण फेरी रात्रभर चालत नाही. हृदय उघडून करायच्या तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी कोकणी माणसाची नजर अजूनही मुंबईकडे लागते, नाहीतर कुंभार्ली घाट चढून कराड-कोल्हापूरकडे. कोणत्याही वाटेने गेलं तरी काही तासांचा प्रवास. म्हणून मुंबईतल्या अतिदक्षता विभागात ज्याला ‘गुंतागुंत’ म्हणतात, तीच गोष्ट दाभोळात ‘आत्ता निघायचं की सकाळी’ या प्रश्नाच्या रूपात समोर येते.

नेमकं काय बिघडतं ते आधी पाहू. हृदयाच्या डाव्या बाजूचा वरचा कप्पा फुप्फुसांकडून आलेलं रक्त घेतो, खालचा कप्पा ते साऱ्या शरीरात ढकलतो. दोहोंच्या मध्ये मायट्रल झडप. तिला दोन पाळ्या. खालचा कप्पा आकसला की पाळ्या मिटतात आणि रक्ताला मागे वाट राहत नाही. त्या दाबाने पाळ्या वर उलटू नयेत म्हणून त्यांच्या कडांना बारीक, चिवट तंतू असतात, आणि हे तंतू खालच्या कप्प्याच्या भिंतीतून उगवलेल्या दोन स्नायूंना बांधलेले असतात. वाऱ्याने शीड फुगतं पण दोऱ्या खुंट्यांना बांधलेल्या असतात म्हणून ते उडून जात नाही, तशीच ही रचना. या खुंट्या म्हणजे पॅपिलरी स्नायू. झटक्यानंतरच्या या आजारात झडपेची पाळी स्वतः धड असते, तुटते ती खुंटी.

दोन पॅपिलरी स्नायूंचं नशीब सारखं नाही. पुढच्या-बाहेरच्या स्नायूला साधारणपणे दोन वेगवेगळ्या धमन्यांकडून रक्त मिळतं. मागच्या-आतल्या स्नायूला बहुधा एकाच धमनीचा आधार. ती धमनी बंद पडली की त्याला दुसरा वाली नसतो. म्हणून तुटतो तो बहुतेक वेळा मागचाच, पुढच्याच्या कित्येक पटींनी जास्त वेळा. आता ज्या झटक्यात हा भाग मरतो तो ईसीजीवर ‘इन्फिरिअर वॉल एमआय’ म्हणून दिसतो, म्हणजे खालच्या भिंतीचा झटका. पुढच्या भिंतीच्या झटक्यापेक्षा हा सौम्य, असं सगळीकडे शिकवलं जातं आणि सरासरीने ते बरोबरही आहे. घोटाळा इथेच आहे. पॅपिलरी स्नायू तुटलेल्या बऱ्याच रुग्णांत मेलेला भाग लहान असतो. उरलेलं हृदय जोमाने आकसत असतं, आणि तो जोमच मऊ पडलेल्या खुंटीला हिसके देतो. ‘छोटा अटॅक होता’ हे वाक्य म्हणूनच फसवं. झटका लहान असणं आणि रुग्ण सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेळेचंही असंच. मेलेला स्नायू लगेच कडक होत नाही. आधी पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात, मृत भाग पचवून साफ करतात. जखम भरून घट्ट व्रण व्हायला पुढे कित्येक आठवडे लागतात. मधल्या दिवसांत ती जागा सगळ्यात मऊ असते. त्यामुळे स्नायू तुटतो तो बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसात, क्वचित पहिल्या चोवीस तासांतच. नेमके हेच दिवस रुग्णाला घरी सोडण्याचे. शहरात अँजिओप्लास्टी झालेला रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जातो आणि गावाकडे विश्रांतीला येतो. म्हणजे जे बिघडायचं ते एसटीत किंवा पडवीत बिघडू शकतं.

फाटण्याचे आणखी दोन प्रकार आहेत, थोडक्यात सांगतो. दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा फाटतो, तेव्हा डावीकडचं रक्त उजवीकडे घुसतं. आणि हृदयाची बाहेरची भिंतच फाटते, तेव्हा रक्त बाहेरच्या आवरणात साचून हृदय आवळलं जातं. या शेवटच्या प्रकारात बहुतेकदा काही करायला अवधीच मिळत नाही. पडदा फाटला तर अवधी मिळतो, पण १९९० च्या दशकातल्या ‘गस्टो’ या ४१ हजार रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पडदा फाटलेल्यांपैकी ७४ टक्के महिनाभरात दगावले होते. झडपेचा आधार तुटलेल्यांचं भवितव्य या तिघांत सर्वांत चांगलं, शस्त्रक्रिया झाली तर.

हे किती वेळा घडतं? अमेरिकेत २००३ ते २०१५ या काळात झटका येऊन दाखल झालेल्या सुमारे ९० लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. धमनी पूर्ण बंद पडलेल्या झटक्यात फाटण्याचे सगळे प्रकार मिळून प्रमाण ०.२७ टक्के आलं, हजारी तीनपेक्षाही कमी. पण ज्यांच्यात घडलं त्यांच्यापैकी ४२ टक्के रुग्णालयातच गेले. गुठळी विरघळवणारी औषधं आणि अँजिओप्लास्टी येण्यापूर्वी हे प्रमाण कितीतरी जास्त होतं. धमनी लवकर उघडली की मरणारा स्नायू कमी, आणि फाटण्याचा धोकाही कमी.

तेव्हा तो आकडा दाभोळला जसाच्या तसा लावता येत नाही. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या ‘क्रिएट’ या भारतीय नोंदणीत ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतले २०,४६८ रुग्ण होते. छातीत दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यम कालावधी होता ३६० मिनिटं. निम्म्या रुग्णांना सहा तासांहून जास्त लागले, आणि ही शहरातली रुग्णालयं होती. खाडीकाठच्या गावात आधी पित्त समजून लिंबू-सोडा होतो, मग ओवा, मग शेजारच्याची गॅसची गोळी. बाईमाणूस असेल तर सकाळची कामं उरकेपर्यंत ती कुणाला सांगतही नाही. मधुमेह असेल तर छातीत फारसं दुखतच नाही, नुसतं ‘कसंतरी’ होतं. असा झटका अंगावर काढलेल्या माणसाची धमनी कधीच उघडली जात नाही, आणि फाटण्याचा धोका अशांनाच सर्वांत मोठा. करोनाच्या साथीत २०२० मध्ये लोक भीतीने रुग्णालयं टाळू लागले, तेव्हा अनेक देशांतल्या डॉक्टरांनी, पूर्वी पुस्तकांत वाचलेल्या या गुंतागुंती पुन्हा दिसू लागल्याची नोंद केली. उशीर परत आला तशी गुंतागुंतही परत आली. आपल्याकडे तो उशीर कधी गेलाच नव्हता.

वय जास्त असणं, स्त्री असणं, आयुष्यातला पहिलाच झटका असणं आणि त्याआधी कधी छातीत दुखलेलं नसणं, ही धोका वाढवणारी कारणं. शेवटचं कारण ऐकायला विचित्र वाटतं. पण ज्याला वर्षानुवर्षं चालताना छातीत भरून येतं त्याच्या हृदयात आडवाटेच्या बारीक रक्तवाहिन्या तयार झालेल्या असतात, मुख्य वाट बंद झाली तरी थोडं रक्त पोचतं. कधीच त्रास न झालेल्याला तो आधार नसतो.

आता ओळखण्याबद्दल. माझ्या मते सगळा विषय इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिली खूण रुग्णाच्या घरचे देतात. ‘डॉक्टर, काल रात्रीपासून ह्यांना आडवंच पडवत नाही, उशा रचून बसवलंय.’ हे वाक्य कानावर पडलं की पुढचं सगळं काम थांबवावं. तुटलेल्या खुंटीमुळे झडपेची पाळी वर उलटते, खालच्या कप्प्यातलं निम्म्याहून अधिक रक्त वरच्या कप्प्यात मागे फेकलं जाऊ शकतं, तो दाब थेट फुप्फुसांवर येतो आणि फुप्फुसांत पाणी उतरतं. छातीत घरघर, खोकल्यात गुलाबीसर फेस, आडवं झालं की गुदमरणं. ऱ्हुमॅटिक तापाने झडप खराब झालेल्या माणसाची झडप वर्षानुवर्षं हळूहळू गळते, वरचा कप्पा मोठा होत जातो आणि दाब सोसायला शिकतो. कोकणात ‘वॉल्व खराब’ असलेली, तरीही शेतात राबणारी माणसं असतात ती त्यामुळे. इथे शिकायला वेळच मिळालेला नसतो. कालपर्यंत लहान असलेल्या वरच्या कप्प्यावर एका मिनिटात सगळा लोंढा येतो.

यातूनच दुसरी, फार महत्त्वाची गोष्ट निघते. झडप गळते तेव्हा स्टेथोस्कोपमधून फुसकारल्यासारखा आवाज यावा अशी अपेक्षा असते. पण वरच्या कप्प्यातला दाब इतका चढतो की दोन कप्प्यांतल्या दाबांचा फरकच कमी होतो, आणि रक्त मोठ्या प्रमाणात मागे जात असूनही आवाज मंद येतो, थोडाच वेळ येतो, कधी येतच नाही. पॅपिलरी स्नायू पूर्ण तुटलेल्या कितीतरी रुग्णांत आवाज ऐकू आलेला नाही. ‘मर्मर नाही, म्हणजे झडप ठीक’ हा निष्कर्ष म्हणून घातक. पडदा फाटला असेल तर मात्र आवाज बहुधा मोठा असतो, आणि छातीवर तळहात ठेवला तर कित्येकदा थरथर हाताला लागते. एवढा फरक लक्षात ठेवला तरी खेड्यातल्या दवाखान्यात उपयोगी पडतो.

तिसरी फसगत एक्स-रेवर. फुप्फुसांत पाणी म्हटलं की दोन्ही बाजूंना पांढुरकं दिसणार असं आपण धरून चालतो. पण झडपेतून उलटणारी रक्ताची धार कधी कधी नेमकी उजव्या वरच्या फुप्फुसातून येणाऱ्या शिरेच्या तोंडावर आदळते, आणि पाणी फक्त उजव्या वरच्या भागात साचतं. ती फिल्म पाहून न्यूमोनिया म्हणावंसं वाटतं. मग प्रतिजैविकांची सलाईन लागते, दोन दिवस जातात, आणि त्या दोन दिवसांत रुग्णही. पावसाळ्यात, ताप-खोकल्याच्या रुग्णांनी भरलेल्या वॉर्डात ही चूक व्हायला किती सोपी! त्या फिल्मच्या जोडीला एक प्रश्न विचारला पाहिजे: गेल्या आठवड्यात या माणसाच्या छातीत दुखलं होतं का?

चौथी गोष्ट म्हणजे ईसीजी. तो बदललेला नसतो, निदान नवा झटका दाखवण्याइतका नाही. त्यामुळे ‘ईसीजी जैसे थे आहे, घाबरलेत बहुतेक’ असं म्हटलं जातं. धाप वाढलेली, रक्तदाब खाली आलेला आणि ईसीजी जैसे थे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर दिलासा मानू नये. काहीतरी फाटल्याचा संशय घ्यावा.

याच कोकणात, थोडं उत्तरेला, फुप्फुसात पाणी उतरण्याचा एक वेगळा धडा घडला आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले लोक तिथे मरत होते. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी, घाम, हातापायांचा थंडपणा यांच्या नोंदी ठेवल्या आणि दाखवून दिलं की विषामुळे शरीरात उसळणाऱ्या संप्रेरकांनी हृदय थकतं, फुप्फुसात पाणी उतरतं आणि माणूस त्याने मरतो. १९८२ मध्ये त्यांच्या या नोंदी ‘लॅन्सेट’मध्ये आल्या. पुढे १९८६ मध्ये प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी मांडला, आणि पूर्वी ३०-४० टक्के असलेलं मृत्यूंचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही आजार वेगळे, उपचार वेगळे. पण बिरवाडीच्या त्या केंद्रात अँजिओप्लास्टीची कॅथलॅब नव्हती, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नव्हती. होता तो रुग्णाजवळ बसणारा, तासातासाला बघणारा आणि ‘हे हृदयाचं आहे’ असं म्हणू शकणारा एक डॉक्टर. झटक्यानंतरच्या धापेलाही पहिल्या तासात तेवढंच लागतं.

खात्री करायची ती इकोने. स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये ध्वनिलहरींनी हृदय पाहिलं, तेव्हा एडलरना हवी होती ती मायट्रल झडपच. शस्त्रक्रियेआधी ती कितपत खराब आहे हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. आज खाटेजवळ केलेल्या इकोत उलटलेली पाळी, तुटून लटकणारा स्नायूचा तुकडा आणि रंगीत डॉपलरवर मागे जाणारी धार दिसते. धार भिंतीला चिकटून जात असेल तर ती कमी भासते, मग अन्ननलिकेतून करायचा इको लागतो. पण लहान यंत्रावरही एक खूण नवशिक्याला दिसू शकते: रुग्ण गुदमरतोय, रक्तदाब पडलाय, आणि हृदय मात्र जोरजोरात आकसतंय. पंप थकल्यामुळे फुप्फुसात पाणी आलं असतं तर पंप मंद दिसला असता. हा विसंवाद दिसला की झडपेकडे बघायचं.

आता मोबाइलएवढी इको यंत्रं मिळतात. मग ती उपजिल्हा रुग्णालयांत, मोठ्या आरोग्य केंद्रांत का नाहीत? एक कारण कायद्याचं आहे, आणि कायदा चांगल्या कारणासाठी आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला, आणि २०१२ मध्ये हलत्या-फिरत्या सोनोग्राफी यंत्रांवर नियम आणखी कडक झाले. मुलींचे जीव वाचवणारा हा कायदा सैल करा असं मी म्हणणार नाही. पण नोंदणी करून, रुग्णालयाच्या आवारातच, प्रशिक्षित वैद्यकीय अधिकाऱ्याने हृदयासाठी असं यंत्र वापरायला कायद्यात जागा आहे. ती जागा वापरण्यासाठी कागदपत्रांचं काम जिल्हा पातळीवर कुणीतरी अंगावर घ्यायला हवं. इकोचं चित्र मोबाइलवरून मुंबईच्या हृदयतज्ज्ञाला दाखवणं आज अवघड राहिलेलं नाही.

संशय आल्यावर काय? रुग्णाला बसतं ठेवायचं, प्राणवायू, लघवीवाटे पाणी काढणारं इंजेक्शन. रक्तदाब पुरेसा असेल तर तो खाली आणणारी औषधं इथे मदत करतात, कारण पुढची वाट सैल झाली की मागे जाणारं रक्त कमी होतं. पण हे काम देखरेखीखालीच व्हावं. गावात सर्रास जिभेखाली ठेवली जाणारी सॉर्बिट्रेटची गोळी रक्तदाब आधीच पडलेल्या माणसाला देऊ नये. खालच्या भिंतीच्या झटक्यात उजवा कप्पाही दुखावलेला असला तर ती आणखी धोक्याची. मोठ्या रुग्णालयात महाधमनीत फुगा घालून हृदयाला तात्पुरता आधार देतात. या सगळ्याने मिळतात ते काही तास, फार तर एखाद-दोन दिवस. स्नायू पूर्ण तुटला असेल तर खरा उपाय एकच, शस्त्रक्रिया. १९६५ मध्ये ऑस्टेन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णाची झडप यशस्वीपणे बदलल्याचं नोंदवलं, तेव्हापासून ही वाट खुली आहे.

ही शस्त्रक्रिया जोखमीची आहे यात शंका नाही. अमेरिकेतल्या छाती-शल्यचिकित्सकांच्या नोंदणीत तिच्यातले मृत्यू सुमारे २० टक्के आहेत. पण दुसरी बाजू पाहा. झटक्यानंतर झडप तीव्र गळून, रक्तदाब कोसळून शॉकमध्ये गेलेल्यांच्या ‘शॉक’ नोंदणीत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ४० टक्के दगावले, न झालेल्यांपैकी ७१ टक्के. शस्त्रक्रियेसाठी निवडलेले रुग्ण मुळात थोडे बरे असणार, हे मान्य करूनही फरक मोठा आहे. मेयो क्लिनिकच्या अनुभवात, शस्त्रक्रियेनंतरचा पहिला महिना पार केलेल्या रुग्णांचं पुढचं आयुर्मान ही गुंतागुंत न झालेल्या झटक्याच्या रुग्णांसारखंच निघालं. ‘आता या वयात कशाला चिरफाड’ असं म्हणण्याआधी नातेवाइकांना हे कुणीतरी सांगायला हवं. ‘थोडे स्थिर होऊ देत, मग पाठवू’ हा सल्लाही इथे चुकतो. पडदा फाटला असेल आणि रुग्ण टिकून असेल तर कडा घट्ट होईपर्यंत थांबण्याचा विचार शल्यचिकित्सक करतात. तुटलेला पॅपिलरी स्नायू असा थांबू देत नाही.

झडप बदलायची तर कोणती, हा प्रश्न गावाच्या दृष्टीने महत्त्वाचा. धातूची झडप टिकाऊ, पण जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि ठरावीक काळाने, रक्त किती पातळ आहे ते सांगणारी, आयएनआरची तपासणी. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली देशी झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली आणि खर्चाचा डोंगर खूप उतरला, पण तपासणीसाठी दाभोळहून दापोलीची फेरी चुकत नाही. प्राण्यांच्या ऊतीची झडप काही वर्षांनी खराब होते, पण गोळीची कटकट थोडकीच. सत्तरी पार केलेल्या, एकट्या राहणाऱ्या आजीसाठी निवड करताना शल्यचिकित्सकाने तिच्या घरचा पत्ता जरूर विचारावा. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. २०२३ मध्ये तिची मर्यादा कुटुंबामागे पाच लाख करण्याचा आणि ती सगळ्यांना खुली करण्याचा निर्णय झाला. रुग्णवाहिकेतून उतरताना रेशनकार्ड आणि आधार बरोबर असावं, ही साधी गोष्ट अर्धा दिवस वाचवते.

झडपेची एक दुसरी, मुकाट गळती आहे. तिच्यात काही तुटत नाही. झटक्याने भिंतीचा भाग अधू होतो, कप्पा पसरतो, खुंट्या लांब सरकतात आणि पाळ्या ओढल्या जाऊन नीट मिटत नाहीत. पहिल्या दिवसांत धमनी उघडल्यावर ही गळती कधी कमीही होते. उरली तर महिनोन्‌महिने हळूहळू वाढते. ‘वय झालं, दम लागणारच’ म्हणून ती नजरेआड होते. ग्रिगिओनी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की झटक्यानंतर अशी गळती असलेल्यांपैकी पाच वर्षांत ६२ टक्के दगावले, नसलेल्यांपैकी ३९ टक्के. उपचारांबद्दल इथे एकमत नाही. मांडीच्या शिरेतून क्लिप घालून पाळ्या जोडण्याच्या दोन चाचण्या २०१८ मध्ये आल्या. अमेरिकेतल्या ‘कोॲप्ट’मध्ये मृत्यू स्पष्टपणे कमी झाले, फ्रान्समधल्या चाचणीत फायदा दिसला नाही. मला त्यातून एवढंच ठाम वाटतं की औषधं नेमाने घेऊन, मात्रा पुरेशी करूनही गळती तीव्र राहिलेल्या निवडक रुग्णांनाच क्लिपचा लाभ होतो. औषधं नेमाने मिळणं ही गावातली पहिली लढाई आहे. झटक्यानंतर सहा आठवडे ते तीन महिन्यांत एक इको, हा नियम प्रत्येक रुग्णाला लागू व्हावा. एवढी मागणी अवास्तव नाही.

आणखी एक गोष्ट दवाखान्यांना उद्देशून. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला ईसीजी न काढता डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देण्याची सवय गावोगाव आहे. झटक्यानंतर या जातीच्या वेदनाशामकांनी हृदय निकामी होण्याचा आणि स्नायू फाटण्याचा धोका वाढतो, म्हणून मार्गदर्शक सूचनांनी ती वर्ज्य मानली आहेत. झटका येऊन गेलेल्याचे गुडघे दुखले तरी ही गोळी देण्याआधी थांबावं.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झालेली. त्यांतल्या सगळ्या प्रगत साधनांच्या नाहीत, म्हणून फोनवर काय सांगितलं जातं याला महत्त्व आहे. झटक्याच्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावं: पुढचे दहा दिवस अचानक धाप लागली, आडवं पडता येईना, घाम येऊन अंग गार पडलं किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका; जिथे इको होतो अशाच रुग्णालयात जा. आणि दाभोळपासून केळशीपर्यंतच्या माझ्या वाचकांना एक विनंती. घरात कुणाला नुकताच झटका येऊन गेला असेल, तर १०८ ला फोन करताना आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘ह्यांना आठवड्याभरापूर्वी हार्ट अटॅक आला होता, आणि आता धाप लागली आहे.’